दागिन्यांची झळाळी आणि कारागिराची फुप्फुसे

दागिना हातात घेतला की आपण पाहतो ते त्याचे वजन, त्याची घडण आणि त्या दिवसाचा भाव. सराफाच्या पावतीवर सोन्याचा दर असतो, घडणावळ असते, कर असतो. ही घडणावळ ज्याच्या हातांची, तो कारागीर मात्र पावतीत कुठेही दिसत नाही. तो कोणत्या खोलीत बसतो, काय घासतो, काय वितळवतो आणि दिवसाकाठी छातीत काय भरून घेतो, याची चौकशी करण्याची आपल्याकडे रीत नाही. प्रस्तुत लेखात तेवढीच चौकशी करण्याचा आमचा प्रयत्न आहे. आम्ही वैद्यकशास्त्राचे पदवीधर नव्हे. कलाशाखेचे विद्यार्थी आणि बँकेतील कारकून. त्यामुळे जे निश्चित माहीत आहे तेवढेच, आणि शक्य तितक्या साध्या भाषेत, सांगणार आहोत. स्मरणिकेच्या वाचकांत जे विद्यार्थी विज्ञानशाखेचे आहेत त्यांनी पुढचा अभ्यास जरूर करावा.

सर्वप्रथम आपण गुजरातमधील खंभातला जाऊ. आणंद जिल्ह्यातील (१९९७ पूर्वी हा भाग खेडा जिल्ह्यात मोडत असे) हे जुने बंदर अकीक नावाच्या खड्यासाठी प्रसिद्ध आहे. अंगठीतला तांबूस खडा, गळ्यातील माळेचे मणी, जपमाळा, लहान शिवलिंगे, कानातले लोलक असा कितीतरी माल येथून देशभर आणि परदेशांत जातो. हा धंदा किती जुना? खंभातपासून फार दूर नसलेल्या लोथल येथे १९५५ पासून जे उत्खनन झाले त्यात सिंधू संस्कृतीच्या काळातील मणी बनवण्याची कर्मशाळा सापडली. म्हणजे किमान चार हजार वर्षांची ही कला. दगड येतो भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरातून. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून बनला, त्याच लाव्ह्यातील पोकळ्यांत हा खडा हळूहळू साचत गेला. म्हणून महाराष्ट्राशीही त्याचे दगडाचे नाते आहेच.

खाणीतून आलेला दगड आधी उन्हात वाळवतात. नंतर मातीच्या मडक्यात घालून गोवऱ्या आणि भुशाच्या मंद आचेवर भाजतात. दगडातील लोहाच्या अंशामुळे त्याला लाल रंग चढतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर खडा धरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने त्याचे टवके उडवतात. हे काम पाहण्यासारखे असते आणि परदेशातील अभ्यासक ते पाहायला मुद्दाम येतात. त्यानंतरचे काम मात्र कोणी फारसे पाहायला जात नाही. ते म्हणजे घसाई. कुरुंदाच्या फिरत्या चाकावर खडा दाबून धरायचा आणि त्याला गोल, लांबट, चपटा असा आकार द्यायचा. पूर्वी चाक हाताने फिरत असे. विजेची मोटार आली, चाकाचा वेग वाढला, माल अधिक निघू लागला आणि धूळही. घसाई करणारा चाकासमोर मांडी घालून बसतो. चाक त्याच्या तोंडापासून जेमतेम हातभर लांब. संध्याकाळी त्याच्या पापण्या, केस, कपडे सारे पांढरे झालेले असते.

ही पांढरी धूळ म्हणजे काय, हा या लेखाचा गाभा होय. अकीक हा जवळजवळ संपूर्णपणे सिलिका या द्रव्याचा बनलेला असतो. नदीच्या वाळूतही सिलिका असते, पण वाळूचा कण मोठा असतो. तो नाकात अडकतो, शिंक येते, प्रश्न मिटतो. घसाईच्या चाकावर दगडाचे जे पीठ होते त्यातील कण एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके, दोन-चार हजारांश इतके सूक्ष्म असतात. माणसाचा केस याहून वीस-तीस पट जाड. डोळ्यांना दिसणारी धूळ खाली बसते. न दिसणारी हवेत तासन्‌तास तरंगते आणि तीच श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत, जेथे प्राणवायू रक्तात मिसळतो त्या नाजूक वायुकोशांपर्यंत पोहोचते.

फुप्फुसात परका कण आला की त्याला गिळून टाकणाऱ्या पेशी असतात. एरवी त्या जंतू गिळतात आणि पचवतात. सिलिकाचा कण मात्र त्यांना पचत नाही. उलट पेशीच मरते, तिच्यातील दाहक द्रव्ये आजूबाजूला सांडतात आणि कण पुन्हा मोकळा होतो. मग दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. वर्षानुवर्षे हा प्रकार चालू राहिला की त्या ठिकाणी जखमेचा वण पडावा तसे कडक तंतू तयार होतात, त्यांच्या बारीक गाठी बनतात आणि गाठींना गाठी मिळतात. रबरी फुग्यासारखे लवचीक असलेले फुप्फुस वाळलेल्या चामड्यासारखे होते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. १८७० मध्ये इटलीतील व्हिस्कोंती नावाच्या डॉक्टरने हे नाव दिले. रोग मात्र दगड फोडणाऱ्या माणसाइतकाच जुना आहे.

या रोगाबद्दल तीन गोष्टी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे तो सावकाश येतो. धूळ बेताची असेल तर दहा-वीस वर्षे काहीच जाणवत नाही. धूळ फार असेल तर पाच-दहा वर्षांत, आणि अतोनात असेल तर काही महिन्यांतही तो माणसाला गाठतो. दुसरी गोष्ट अशी की काम सोडले तरी तो थांबेलच असे नाही, कारण आत गेलेले कण आतच राहतात. आणि तिसरी, जी सांगताना हात आखडतो, ती ही की वण पडलेले फुप्फुस पूर्ववत करणारे औषध आजही नाही. खोकल्यावर, धापेवर, जंतुसंसर्गावर उपचार होतात आणि ते घेतलेच पाहिजेत, परंतु मूळ रोग बरा होत नाही. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सिलिकाच्या धुळीला कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या यादीतही घातले. जे बरे करता येत नाही पण पूर्णपणे टाळता येते, असा हा रोग आहे. म्हणूनच १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना या दोघींनी मिळून २०३० पर्यंत त्याचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते साल आता अगदी जवळ आले आहे. खंभातमध्ये आणि राजस्थानच्या दगडखाणींत उच्चाटनाची चिन्हे आम्हाला तरी दिसत नाहीत.

खंभातचा प्रश्न अधिक बिकट होण्याचे कारण म्हणजे तेथील कामाची मांडणी. व्यापारी कच्चा दगड देतो, कारागीर आपल्या घराच्या ओसरीत किंवा मागील अंगणात चाक लावतो आणि नगावर मजुरी घेतो. कारखाना असा नाहीच. घर हाच कारखाना. बायको खडे निवडते, मुले तेथेच खेळतात, चुलीवरचा स्वयंपाक त्याच हवेत होतो, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे घर असते. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी चाकाला हात लावला नाही अशा घरच्या माणसांत आणि शेजाऱ्यांतही हा रोग आढळला आहे. गिरणीचा भोंगा झाला की गिरणी कामगार निदान धुळीतून बाहेर तरी पडत असे. येथे भोंगाच नाही.

आता सोन्याकडे वळू. सोन्याच्या कारखान्यात दागिन्याला जिल्हई करण्याची मोटार असते. तिच्याभोवती पेटी बसवलेली असते आणि आत धूळ ओढून घेणारा पंखा व गाळणी असते. कारण उघड आहे. त्या धुळीत सोने असते. कारागिराने हात धुतलेले पाणी, खोलीचा केर, बसायचे जुने पोते, काहीही फेकले जात नाही. सारे झारेकऱ्याकडे जाते आणि त्यातून सोन्याचा कण अन्‌ कण परत काढला जातो. मुंबईच्या झवेरी बाजारात तर रस्त्यावरची माती झाडून नेऊन तीतून सोने काढणारे लोकही आहेत. म्हणजे धूळ हवेत उडू न देता जागच्या जागी पकडण्याचे तंत्र दागिन्यांच्या धंद्याला चांगले अवगत आहे. खंभातच्या चाकावर ते नाही, कारण अकीकाच्या धुळीला बाजारभाव नाही. आमच्या मते या साऱ्या प्रश्नाचा अर्थ या एका गोष्टीत आला.

आमच्या बँकेत सोनेतारण कर्जासाठी दागिना येतो तेव्हा मूल्यांकन करणारा सराफ कसोटीवर कस घेतो आणि खड्यांचे वजन प्रथमच वजा करून टाकतो. खड्याला किंमत शून्य. व्यवहार म्हणून ते योग्यच आहे, आम्हीही रोज तसेच लिहितो.

सोन्याचांदीच्या कामात धूळ पकडली जाते म्हणून तेथील फुप्फुसे सुरक्षित आहेत असे मात्र कोणी समजू नये. तेथील धोका धुराचा आहे. दागिन्याचे दोन भाग जोडताना डाक लावतात. डाकाचा धातू मूळ धातूपेक्षा कमी उष्णतेवर वितळावा लागतो, म्हणून त्यात कॅडमियम मिसळण्याची पद्धत पडली. ‘केडीएम दागिना’ हा शब्द पुष्कळांना शुद्धतेची खूण वाटतो. वास्तविक तो या कॅडमियमच्या डाकावरून आलेला आहे. आता आकडे पाहा. सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते, चांदी ९६१ अंशांना, आणि कॅडमियम ७६७ अंशांना उकळून त्याची वाफच होते. तेव्हा फुंकणीची किंवा गॅसची ज्योत डाकावर पडली की कॅडमियम धूर होऊन कारागिराच्या नाकाशी येते. तो धूर घेताना विशेष त्रास जाणवत नाही. काही तासांनी अंग मोडते, ताप येतो, छाती आवळते. कारागीर त्याला फ्लू समजतो. धूर जास्त असेल तर फुप्फुसांना सूज येऊन माणूस दगावूही शकतो. थोडा थोडा वर्षानुवर्षे गेला तर फुप्फुसांबरोबर मूत्रपिंडेही निकामी होतात. डाकात कॅडमियमऐवजी जस्त वगैरे दुसरे धातू वापरता येतात आणि अनेक ठिकाणी वापरले जातात. सोन्यावर हॉलमार्कची पद्धत २००० मध्ये सुरू झाली आणि १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, हे ग्राहकांच्या दृष्टीने चांगलेच झाले. पण हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, कारखान्यातल्या हवेची नव्हे.

दुसरा धूर तेजाबाचा. सोने शुद्ध करताना नायट्रिक आम्लात तांबे-चांदी विरघळवतात तेव्हा तपकिरी धूर निघतो. हा धूर फसवा असतो. त्या क्षणी थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. फुप्फुसांत पाणी भरू लागते ते काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून असा धूर लागलेल्या माणसाला ‘आता बरे वाटते’ म्हणून घरी न पाठवता रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणे अवश्य आहे. याशिवाय साच्यात दागिने ओतण्याच्या कामात जी पांढरी पूड वापरतात तीतही सिलिका असते. पूड कालवताना आणि साचा फोडताना ती उडते.

मुंबईत झवेरी बाजार, काळबादेवी, भुलेश्वर या भागांतील जुन्या इमारतींत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. कारागीर बहुतांशी बंगालकडचे. एका खोलीत दिवसा दहा-बाराजण शेगडी, मूस आणि तेजाबाजवळ बसतात आणि रात्री त्याच खोलीत झोपतात. म्हणजे त्यांचा श्वास चोवीस तास कारखान्याचाच. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध. तेथे हे काम घरोघरी होते, त्यामुळे खंभातसंबंधी जे लिहिले ते धुराच्या बाबतीत तेथेही विचारात घेण्यासारखे आहे. हिऱ्याची गोष्ट वेगळी. हिऱ्याच्या धुळीत सिलिका नसते. तरीही बेल्जियममधील हिरे कामगारांत १९८० नंतरच्या काळात फुप्फुसाचा एक गंभीर रोग आढळला आणि शोध घेता दोष हिऱ्याचा नसून नव्या प्रकारच्या चकतीतील कोबाल्ट या धातूचा निघाला. अवजार बदलले की रोगही बदलतो, एवढे यावरून समजावे.

आता क्षयरोगाविषयी, कारण आपल्या वस्त्यांतून हा विषय सर्वांत महत्त्वाचा आहे. सिलिकोसिसमध्ये खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे असतात आणि क्ष-किरण चित्रात वरच्या भागात डाग दिसतात. क्षयातही बहुधा हेच. त्यामुळे सिलिकोसिसच्या रोग्याला क्षयाची औषधे वर्षानुवर्षे देण्याचे प्रकार घडतात. गुण येत नाही. घरचे लोक म्हणतात, औषध नीट घेतले नाही. पत्नीला, मुलांना वेगळी ताटवाटी सुरू होते. उलट बाजूही तितकीच खरी आहे: सिलिकाने दुबळ्या झालेल्या फुप्फुसाला खरा क्षय लवकर जडतो, आणि दोन्ही रोग एकाच वेळी असू शकतात. तेव्हा ‘हा धुळीचा रोग आहे, क्षय नव्हे’ असे म्हणून क्षयाची औषधे मनानेच बंद करणे प्राणघातक ठरेल. मार्ग एकच, तो म्हणजे थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, क्षय ठरल्यास औषधेही मोफत मिळतात, आणि रोग्याच्या आहारासाठी २०१८ पासून जी रक्कम बँक खात्यात जमा होते ती नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झाली आहे.

तपासणीबरोबर एक प्रश्न विचारला जाणे आवश्यक असते. १७०० साली इटलीतील रामाझिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सांगितले की रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस’ हेही विचारावे. सव्वातीनशे वर्षे झाली, तरी आपल्या दवाखान्यातील गर्दीत तो प्रश्न बहुधा राहूनच जातो. डॉक्टरांनी विचारले नाही तर रोग्याने आपणहून सांगावे: ‘डॉक्टरसाहेब, मी इतकी वर्षे दगड घासतो’, ‘डाक लावतो’, ‘तेजाबाचे काम करतो’. या एका वाक्याने निदानाची दिशा बदलते.

कायद्यात हे सारे नाही असे नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेसाठी १९४३ मध्ये प्रा. अडारकर यांची नेमणूक झाली ती याच काळात. तिचे फळ म्हणजे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा. त्याच वर्षीच्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिस हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरवला. २०२० च्या संहितेतही तो तसाच आहे. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात तो होता, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टातही आहे. मग अडते कोठे? ‘कारखाना’ या शब्दापाशी. १९४८ च्या अधिनियमाने विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि विजेशिवाय वीस कामगार ही मर्यादा घातली. २०२० च्या संहितेने ती वीस आणि चाळीस केली. खंभातच्या ओसरीत नवरा, बायको आणि भाऊ बसतात. ते कोणत्याच मोजणीत येत नाहीत. व्यापारी म्हणतो, मी मालक नव्हे, मी फक्त माल घेतो.

यातून वाट काढल्याचे एक उदाहरण राजस्थानचे आहे. तेथे २०१९ च्या धोरणानुसार वैद्यकीय मंडळाने सिलिकोसिसचे प्रमाणपत्र दिले की रोग्याला तीन लाख रुपये आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये मिळण्याची तरतूद झाली. मालक कोण हे रोग्याने सिद्ध करण्याची गरज ठेवली नाही. खंभातमध्ये बडोद्याच्या पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर या संस्थेने रोग्यांची तपासणी, नोंद आणि भरपाई यांसाठी मोठे काम केले आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने घसाईच्या चाकाला जोडण्याचे धूळ ओढणारे यंत्रही तयार केले. त्याचा प्रसार पुरेसा का झाला नाही, याचे उत्तर मजुरीत आहे. पाण्याची धार सोडून घसाई केली तर धूळ फार कमी होते, पण हात गारठतात, चिखल साचतो, खडा नीट दिसत नाही आणि दिवसाचे नग कमी भरतात. ज्याला नगावर पैसे मिळतात तो पाणी बंद करणारच. त्याला अडाणी म्हणण्यापूर्वी नगामागचा दर वाढवावा.

तोंडाला रुमाल बांधून हे सूक्ष्म कण अडत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्यासाठी एन-९५ प्रकारचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखपट लागतो, आणि उन्हाळ्यात आठ तास तो घालून काम करणे सोपे नाही. म्हणून आधी पाणी किंवा धूळ ओढणारा पंखा, मुखपट त्यानंतर. कामाचे कपडे घरात न आणता बाहेरच बदलणे आणि केर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, एवढे मात्र आजपासून करता येते.

शेवटी आमच्या पेशातील एक गोष्ट. भरपाई मागताना कामाचा पुरावा लागतो आणि नगावर रोख मजुरी घेणाऱ्याजवळ तोच नसतो. ज्यांचे आप्त या धंद्यात असतील त्यांनी मजुरी शक्यतो खात्यावर जमा करून घ्यायला सांगावे. व्यापाऱ्याची मालाची चिठ्ठी, मग ती कच्च्या कागदावरची का असेना, जपून ठेवावी. क्ष-किरण चित्रे फेकू नयेत; पाच वर्षांपूर्वीचे चित्र आणि आजचे चित्र शेजारी ठेवता आले तर वैद्यकीय मंडळाला निर्णय देणे सोपे जाते. ई-श्रम नोंदणीत व्यवसायाच्या रकान्यात नुसते ‘मजूर’ न लिहिता दगड घसाई, डाककाम असे जे असेल ते नेमके नोंदवावे. ज्यांना अर्ज भरता येत नाही त्यांच्यासाठी संस्थेच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातील एखादा रविवार द्यावा. अर्जाचे काम आम्हीही आनंदाने करू.